लुर्दिस बोर्बांनी लिहिलेला चेक

लुर्दिस बोर्बा आमच्या शाळेच्या कचेरीत होत्या. शाळेची फिरती रोकड, म्हणजे किरकोळ खर्चाचं बँकेतलं छोटं खातं, त्यांच्या नावावर होती. नळाची तोटी, मलमपट्टी असलं किरकोळ त्यातून आणायचं. पावती दाखवली की तेवढे पैसे पुन्हा भरले जायचे. पाचशे डॉलरच्या वरचा खर्च मात्र शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या मंजुरीशिवाय करायचा नाही. केलाच, तर रोकड ज्याच्या नावावर, जाब त्याला. मी शाळेची बस चालवायचो. पंक्चरचे पैसेसुद्धा त्यांनी मला पावतीशिवाय कधी दिले नाहीत. "डेल, आधी कागद, मग गोड बोलणं," म्हणायच्या.

त्या ऑगस्टमध्ये शाळेची विहीर आटली. भोवतालच्या बदामाच्या बागांनी खोल बोअर मारले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पहिलीतली एक मुलगी उन्हात मैदानात भोवळ येऊन पडली. शाळेचे अधीक्षक होलकंब कचेरीत धावत आले. मी तिथेच बसची किल्ली घेत होतो.

"लुर्दिस, टँकर मागव. मंजुरीची वाट बघत बसलो तर पोरं मरतील. चेक लिही, मंडळाचं मी बघतो."

त्यांनी लिहिला. दुपारपर्यंत पाणी आलं.

पुढच्या सभेला मीही जाऊन बसलो होतो. मंडळाच्या अध्यक्षा ट्रूइटबाईंनी विचारलं, "हे कोणी सांगितलं करायला?"

होलकंब चष्मा पुसत म्हणाले, "मला तर हे आजच कळतंय."

माझा कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं लुर्दिसबाईंच्या बाजूच्या टेबलाशी बसलेला माणूस! मी ताडकन उठलो. "अहो, काय बोलताय? मी समोर उभा होतो!"

एकच गलका झाला. ट्रूइटबाईंनी टेबल बडवलं. "बोर्बाबाई, यांनी सांगितलं होतं?"

"हो," त्या उठल्या. "पण नसतं सांगितलं, तरी मी लिहिला असता. ती पोर पडताना मी खिडकीतून पाहिली."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुटत होती बाई, आणि स्वतःच जाऊन अडकली!

एका मताच्या फरकाने खर्च मंजूर झाला. रोकड मात्र त्यांच्या नावावरून काढली आणि त्यांना ग्रंथालयात पाठवलं. होलकंब राहिले. त्यांना कोणी साधं खडसावलंही नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

ग्रंथालय शाळेच्या पुढच्या दारालगतच होतं. होलकंब वर्षभर मागच्या दाराने येत राहिले.