पलीकडची खुर्ची

वाद रंगात आला की आमचे हे मित्र आपला कॉफीचा कप उचलायचे, "थांबा, जरा पलीकडे बसून बघतो," म्हणायचे आणि टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचे. तिथून ते स्वतःच्याच म्हणण्याचा असा फडशा पाडायचे की, मघाशी हाच माणूस या बाजूला बसून टेबलावर हात आपटत होता हे तुम्हाला खरं वाटलं नसतं.

वाद कशावर? तर आइस हॉकीवर. सिंगापुरातल्या पुंगोलच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, पायात चपला, पाठीवरून घामाच्या धारा, आणि विषय बर्फावरच्या खेळाचा. तिकडची, म्हणजे कॅनडातली शनिवारची संध्याकाळ ही आपली रविवारची सकाळ. मॅच फोनवर बघायची आणि ती संपली की खरं काम सुरू.

हे खूळ त्यांना ऑफिसातून लागलं. रॅफल्स प्लेसला आम्ही एकाच टीममध्ये होतो आणि आमचा क्लायंट कॅनडातल्या एका गावचा. ती मंडळी कामाचं बोलण्याआधी आपल्या गावच्या हॉकी संघाबद्दल बोलत. चार शब्द आपल्यालाही बोलता यावेत म्हणून यांनी माहिती काढली, आणि वर्षभरात क्लायंटच यांना विचारायला लागला की काय हो, आता आपलं कसं होणार. नागपूरचा माणूस, जन्मात बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसातला.

त्या खेळात संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. तुमचा एक द्या, आमचे दोन घ्या. ज्या गावासाठी काल दात पाडून घेतले, त्याच गावाविरुद्ध उद्या खेळायचं. 'आमचा' संघ सतत हरत असल्यामुळे दर रविवारी नव्या अदलाबदलीला भरपूर वाव असे. मिरचीच्या सॉसची पाकिटं म्हणजे बचावपटू, साखरेच्या पुड्या म्हणजे पुढचे खेळाडू. मला न विचारताच समोरच्या संघाचा मॅनेजर नेमलं होतं. मी मठ्ठपणे हो म्हणालो की ते वैतागायचे.

"असं लगेच हो म्हणू नका हो. तुमचं नुकसान होतंय."

"होऊ द्या की."

"नुकसान करून घेतलेला माणूस पुढच्या वेळी आपल्याशी बोलेल का? थांबा, जरा पलीकडे बसून बघतो." की लगेच मला उठवून माझ्या खुर्चीत.

एकाच बाबतीत ते पलीकडे जात नसत. संघात एक म्हातारा बचावपटू होता. म्हातारा म्हणजे पस्तिशी ओलांडलेला. याला देऊन टाका असं मी कित्येकदा सुचवलं. "त्याचं पाकीट टेबलावर ठेवायचं नाही," म्हणून ते सॉसचं पाकीट सरळ शर्टाच्या खिशात टाकत. अशाने त्यांचे दोन शर्ट कामातून गेले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये एका जुन्या गोलरक्षकाचा विषय निघाला. यांनी पांढऱ्या फळ्यावर इंग्रजीत ठळक लिहिलं : वय झालं. गुडघा गेला. बदल्यात दोन तरुण. आणि फळा न पुसताच जागेवर गेले. आमच्या टीममधले सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे लिम अंकल, इथलेच चिनी, आणि त्यांचा डावा गुडघा खरोखरच गेलेला. त्यांनी फळा वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी अंकल यांच्याकडे हळूच येऊन विचारतात, "धिस ओल्ड नी इज मी, इज इट?"

आमच्या मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी अंकलचा हात धरला, त्या रविवारी त्यांना पुंगोलला आणलं आणि सगळा खेळ पहिल्यापासून समजावून सांगितला. अंकल आमचे कायमचे तिसरे भिडू झाले. पण तेव्हापासून यांचं एक नवं सुरू झालं. कुठल्याही अदलाबदलीआधी विचारायचं, "याच्या घरी कोण कोण आहे?" मग त्या खेळाडूची बायको काय करते, पोरं कितवीत आहेत, हे फोनवर शोधायचं. निम्मे सौदे तिथेच मोडायला लागले.

आणि मग खरा सौदा आला. क्लायंटला आमच्यातला एक माणूस तिकडे, त्यांच्याच गावात, काही वर्षांसाठी हवा होता. साहेबांनी माझं नाव दिलं. माझ्या मुलीचं सहावीचं, पीएसएलई या इथल्या मोठ्या परीक्षेचं वर्ष, बायकोला नुकतीच मनासारखी नोकरी लागलेली. नाही म्हणावं, तर आपला इथे राहण्याचा पास नोकरीवर टांगलेला. माझी अन्नावरची वासना उडाली. रविवारी मी त्यांना म्हटलं, "तुम्हीच जा ना. साहेबांना विचारून तर बघा."

त्यांचे डोळे असे काही चमकले! ऑफिसातून स्टेडियम चालत जाण्याजोगं आहे, कुठल्या दरवाज्याने आत गेलं की बर्फ आधी दिसतो, सगळं एका दमात सांगून झालं. मग हात कपाकडे गेला.

"थांबा, जरा पलीकडे..."

"अहो, आज नको."

पण ते गेलेच. समोरच्या खुर्चीत बसले आणि साहेब होऊन बोलायला लागले. याचं वय जास्त. क्लायंटच्या कामाचं डिझाइन त्या दुसऱ्याचं, म्हणजे माझं. हा जाणार हॉकी बघायला, कंपनीने का पाठवावं? कॉफी निवायच्या आत ते स्वतःचा खटला हरले होते. "साहेबांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्हालाच जावं लागेल."

तेव्हा लिम अंकल गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि यांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

"नाउ आय अ‍ॅम यू," ते म्हणाले. "बॉस, क्लायंट माझ्याशी बोलताना हसतो. दुसऱ्या कुणाशी हसतो? माझ्या मित्राच्या मुलीची परीक्षा आहे. माझ्या बायकोने स्वेटरसुद्धा विणून ठेवलाय, या सिंगापुरात. इतकी वर्षं ती टीम मी फोनवर बघतोय. सेंड मी लाह, पाठवा की."

साहेब झालेल्या आमच्या मित्राने हातातला कप खाली ठेवला. हा माणूस सगळ्यांच्या खुर्चीत बसून आला होता, त्यांच्या खुर्चीत मात्र आजवर कुणीच बसलं नव्हतं. मला भरून आलं, हे सांगायला लाज कसली.

"मंजूर," ते अगदी हळू म्हणाले.

खऱ्या साहेबांनी तर तेवढाही वेळ घेतला नाही. "जायचं होतं तर बोलला का नाहीत?" एवढंच ते म्हणाले. चांगीच्या विमानतळावर वहिनी त्यांना स्वेटर घालायला लावत होत्या आणि ते घामाघूम होऊन घालत होते.

ते पोहोचले आणि त्याच आठवड्यात संघाने त्या म्हाताऱ्या बचावपटूला दुसऱ्या गावाला देऊन टाकलं. त्याची नव्या संघाकडून पहिली मॅच नेमकी आमच्याच संघाविरुद्ध, त्याच गावात होती आणि यांचं तिकीट तिचंच. त्या रविवारी मी आणि अंकल कॉफी समोर ठेवून फोनकडे बघत बसलो होतो. मॅच संपल्यावर निरोप आला. मी तो अंकलना इंग्रजी करून वाचून दाखवला.

"बर्फ फार सुंदर आहे. आपण जिंकलो. पण त्याच्यासाठी ओरडणारं इकडे कुणी दिसेना, म्हणून पहिल्या ब्रेकनंतर मी पलीकडे जाऊन बसलो."