बेताचं तिखट

माझ्या भाचीचं लग्न वांग्याच्या भरतापायी मोडता मोडता राहिलं, आणि त्यात भरल्या घरात मी खोटारडी ठरले. मी अजूनही म्हणते, मी खरंच बोलले होते. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आमचे हे दोऱ्याच्या कारखान्यात लागले म्हणून सिल्वासाला आलो आणि इथलेच होऊन गेलो. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. इथून जवळच्या सायली गावातल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली, तेव्हापासून ती आमच्याकडे राहायची. त्याच कंपनीत एक मुलगा होता, कोकणातला. त्याचे वडील इथल्याच शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दोघांचं जमलं होतं. हल्ली मुलांचं जमल्यावर आपलं काम काय, तर पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि हे सगळं आपणच जमवलं असा चेहरा करून बसायचं. पण मुलानं भाचीला आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांचं मन मोडून मी लग्न करणार नाही. पोरीचा जीव त्या एका वाक्यावर टांगलेला.

येण्याआधी मुलाच्या आईचा फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं, मग म्हणाल्या, "एक विचारू का? राग नका मानू. तुमच्या खानदेशात तिखट फार खातात म्हणे. आमच्या यांचं पोट नाजूक. येणारी मुलगी तिखट हाताची असली तर यांचे हाल व्हायचे हो."

मी म्हटलं, "छे हो ताई. आमच्याकडे अगदी बेताचं."

हे मी मनापासून बोलले. माझे सासरे भाजीत तिखट कमी पडलं की ताटाकडे बघून विचारायचे, "घरात आजारी कोण आहे?" तसल्या घरातून आलेली बाई मी. सिल्वासाला आल्यापासून हात किती आखडलाय ते माझं मलाच ठाऊक. माहेरी गेले की माझ्या भावजया माझ्या भाजीला "गुजरातची भाजी" म्हणतात आणि वरून ठेचा वाढून घेतात. मग सांगा, बेताचं नाही तर काय?

रविवारी पाहुणे यायचे होते. शेवभाजीचा बेत मी आधीच रद्द केला, काळ्या मसाल्याचं नाव उगाच बदनाम नको. वरण-बट्टी आणि भरीत करायचं ठरलं. वांगी गावाकडून मागवली, कारण इकडच्या वांग्याचं भरीत होत नाही, नुसतं पिठलं होतं. मिरच्या लसूण ठेचून घातल्या. तरी खात्री असावी म्हणून समोरच्या गुजराती बेनला चाखायला बोलावलं. बेन वरणातसुद्धा गूळ घालणाऱ्या. बोटावर एवढंसं घेतलं आणि "बहु तीखुं छे" म्हणत आमच्याच नळाकडे धावल्या. मग तेच ह्यांना दिलं. हे म्हणाले, "चांगलं झालंय. आता यात मिरची घाल."

कढई एकच, भरीत तेच. दोघंही देवमाणसं, आणि खोटं बोलायचं दोघांनाही काही कारण नाही. मी दोघांचाही मान राखला. बेनसाठी एक वांगं वाढवलं आणि ह्यांच्यासाठी त्या वांग्यापुरत्या मिरच्या.

पाहुणे आले, पानं मांडली. सरांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, भरताचा पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ते थांबले. थंडीचे दिवस, तरी त्यांच्या टकलावर घाम फुटला. आणि उचकी लागली.

"ताई," मुलाची आई म्हणाली, "फोनवर तुम्ही बेताचं म्हणाला होतात. खरं सांगितलं असतंत तर मी यांच्यापुरता डबा आणला असता."

"मी खरंच सांगितलं."

"मग हे काय आहे?"

"हेच बेताचं."

आमच्या ह्यांना गप्प बसवेना. राग आला की हे अहिराणीवर येतात. "हाई तिखट शे?" म्हणत त्यांनी भरताचा भला मोठा घास घेतला आणि पाण्याला हात न लावता सगळ्यांकडे बघत बसले, पुरावा म्हणून.

सर उचकी आवरत म्हणाले, "हे पाहा, तिखट ही काही ज्याच्या त्याच्या मताची गोष्ट नाही. मिरचीत एक द्रव्य असतं. ते असतं, नाहीतर नसतं. सत्य हे एकच... उक्... असतं."

"असेल की," मी म्हटलं. "पण ते मिरचीत असतं का जिभेत?"

"मिरचीत."

"मग मला का लागत नाही?"

"तुमची जीभ मेलीय म्हणून."

"आणि आमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या जिभा मेल्या का?"

याला सरांकडे उत्तर असणार, पण उचकीनं ते वर येऊ दिलं नाही. भाची तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचं तोंड पार उतरलं. मी आत जाऊन दही आणावं, का बाहेर थांबून आमच्या जिल्ह्याची बाजू धरावी, मला कळेना. तेवढ्यात मुलाच्या आईनं पर्स जवळ ओढली. "निघू या का आपण?" सरांना विचारलं, पण ऐकवलं मला.

मुलगा इतका वेळ खाली मान घालून बट्टी कुस्करत होता. त्यानं ताट पुढं केलं.

"मावशी, भरीत वाढा ना अजून."

मी वाढलं. त्यानं ह्यांच्याएवढाच घास घेतला. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं. तसाच आईकडे वळून म्हणाला, "कुठंय तिखट? मला तर जरा कमीच वाटतंय."

इतका वेळ भांडत होतो ते सगळे आपापल्या जिभेला धरून खरंच बोलत होतो. धडधडीत खोटं बोलला तो हा एकटा.

"याला लहानपणी दुधातली सुंठसुद्धा चालायची नाही," त्याची आई कुणाकडेच न बघता म्हणाली, आणि पर्स खाली ठेवली.

सरांनी लेकाकडे बघितलं. मग खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढं टाकला. "वहिनी," मला म्हणाले, "दही असेल तर दोन वाट्या आणा. एक मला, एक याला. जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकली मी, पण इतकं मनापासून खोटं बोलणारा हा पहिलाच. मुहूर्त... उक्... काढा."

लग्नानंतर त्यांनी आम्हाला राखोलीला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "आज तुमच्यासाठी मुद्दाम झणझणीत आमटी केलीय हं. जपून." आमटीत नारळाचं दूध होतं, आणि मिरची बहुतेक लांबूनच दाखवून परत नेलेली. व्याही डोळे लावून बसलेले. भाची नवऱ्याशेजारी उभी, ओठ गच्च मिटून. आमच्या ह्यांनी एक भुरका मारला आणि बोलायला तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मग मीही भुरका मारला, पदरानं डोळे टिपले आणि म्हटलं, "विहीणबाई, पाणी द्या जरा."