झेंडा पहाडावर गेला नाही

महाराष्ट्र झाला त्या सालचा पौष. माझा जिवलग मित्र झरीकडच्या एका तांड्यावर राहायचा. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसलो, एकाच छडीचा मार खाल्ला. त्याचा बाप दिवाळीपासून खाटेला खिळला होता. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. पांढरकवड्याच्या दवाखान्यात चला म्हटलं की म्हाताऱ्याचं एकच, "पहिले पहाडावर झेंडा लागू दे. मंग बसतो गाडीत."

तांड्यामागच्या पहाडावर देवाचा खांब होता. नवस बोलला की घरच्या मुलाने उपाशीपोटी, अनवाणी जाऊन तिथे नवं पांढरं कापड बांधायचं. वाटेत ते जमिनीला टेकवायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. एकदा मोडलेला नवस पुन्हा उचलता येत नसे. सोबतीला एक माणूस नेलेला चालत असे, तोही अनवाणी, म्हणून मी निघालो. नवसावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण म्हातारा गाडीत बसायला हवा होता ना, मग झेंडा तर झेंडा!

लोक हा नवस उन्हाळ्यात, गवत जळून गेल्यावर फेडत. पौषात कमरेएवढं वाळलेलं गवत उतारावर आडवं पडतं आणि दवाने निसरडं होतं. पण उन्हाळ्यापर्यंत थांबण्याची ताकद म्हाताऱ्याच्या अंगात उरली नव्हती.

उजाडताच चढायला लागलो. पाय इतके बधिर झाले की कुसळं टोचलेली कळेनात. जमिनीला टेकू नये म्हणून मित्राने झेंड्याचं कापड डोक्याला गुंडाळलं होतं. "नवरदेव दिसून राह्यला लेका," मी चिडवलं. तो हसला नाही.

माथ्याखाली दोन पुरुष उंचीचा काळा कडा होता. तो पुढे चढला, मी मागे. मी पाय रोवला तोच दगड निखळला आणि मी गवतावरून घसरत खाली एका पळसाच्या बुंध्याला जाऊन अडकलो. नडगी फाटली होती. रक्त थांबेना.

त्याचे हात कड्याच्या काठाला पोहोचले होते. एकदा अंग वर ओढलं असतं की माथा, आणि समोर खांब.

"तू जा! बांधून ये!" मी ओरडलो. "मी बसतो इथं!"

त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली उतरला. डोक्याचं कापड सोडून त्याने माझ्या पायाला करकचून आवळलं.

"अबे, हे काय करून राह्यला? बुढ्याचं काय?"

"रगत थांबत नाई तुयं," एवढंच तो म्हणाला. तो रडत होता आणि पहाडाला शिव्या घालत होता.

त्याच्या खांद्यावर भार टाकून तांड्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. म्हातारा अंगणात उन्हाला खाटेवर पडला होता. त्याने माझ्या पायाचं लाल झालेलं कापड पाहिलं. "गाडी जुंप," तो मुलाला म्हणाला, "पोट्ट्याचा पाय शिवून आण."

मित्राने गाडीत वाळल्या पेंढ्याची तणस पसरली, दोन माणसं आडवी होतील एवढी. मग बापाचे पाय धरून तो आपल्या बोलीत विनवू लागला. मला शब्द कळत नव्हते, पण गाडी जातेच आहे तर तूही बस, यापलीकडे तो काय म्हणणार? म्हाताऱ्याने उत्तर मात्र माझ्याकडे बघून, मला समजेल असं दिलं. "झेंडा लागला नाई ना, बाप्पा. कसा बसू?"

मला त्याचा भयंकर राग आला. उचलून गाडीत टाकावं असं वाटलं, पण मला धड उभंही राहता येत नव्हतं. अजूनही तो राग गेलेला नाही. त्याने अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकायला लावली, आणि गाडी निघाली. माझ्या शेजारची तणस पांढरकवड्यापर्यंत तशीच राहिली.

म्हातारा होळीच्या आधीच गेला. तिरडीला मीही खांदा दिला. तोवर माझा पाय चांगला भरून आला होता.