गॅरंटी अठरा वर्षांची

आमचे जावई घड्याळजी. जिन्याखालच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसतात आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाबरोबर शिक्का मारलेली चिठ्ठी देतात: 'गॅरंटी सहा महिने. पाण्यात पडल्यास जबाबदार नाही.' मुदत संपल्यावर कुणी परत आलं की आधी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवतात, चार शब्द सुनावतात, आणि मग फुकटात घड्याळ उघडून बसतात. एकालाही त्यांनी तसंच परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. पण ते असो, सांगायचंय ते निराळंच.

एकदा एक वकीलसाहेब सेल बदलायला आले. आमची नात तेव्हा सतरा वर्षांची. पाय घरात ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. आदल्याच दिवशी तिनं सायकल घालून शेजाऱ्यांचं फाटक पाडलं होतं आणि जावयांना ते घाम गाळून पुन्हा उभं करावं लागलं होतं.

"साहेब, पोरीचं हे असं किती दिवस निस्तरायचं?" जावयांनी विचारलं.

"अठरा पूर्ण होईपर्यंत. खाणंपिणं, शिक्षण, औषधपाणी, सगळं आईबापांवर. आता अठरा झाली म्हणजे लगेच सगळं सुटतं असंही नाही हं, त्यात..."

पण सेल बसला होता. जावयांनी झाकण दाबलं आणि घड्याळ साहेबांच्या हातात दिलं. कायदा त्यांना हवा तेवढा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चिठ्ठी लागली: 'गॅरंटी अठरा वर्षं.' खाली तिच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख. भिंगरीही काही कमी नाही. "बाबा, मी मुदतीत आहे, दूध गरम करून द्या," म्हणायची. आणि हे बिचारे द्यायचे!

सतरा वर्षं अकरा महिने झाले आणि जहाजाची इंजिनं शिकवणाऱ्या एका संस्थेत तिची निवड झाली. गाव लांबचं, समुद्राकाठचं. फॉर्मवर सोमवारपर्यंत पालकाची सही हवी.

"एक महिना थांब, मग तुझी तूच कर," जावई म्हणाले. "तिकडे काही मोडलंस तर मला धरतील!"

"महिन्यानं जागा राहील का, बाबा? सगळं वर्ष जाईल माझं."

दोन दिवस फॉर्म फ्रिजवर पडून. पोरगी धड जेवेना की बोलेना. सोमवारी सकाळी आमची लेक नवऱ्याला म्हणाली, "मुदत संपलेली परक्यांची घड्याळं मांडीवर घेऊन बसता. ही तर मुदतीतली आहे!"

जावई उठले. फॉर्म दुकानात नेला, भिंग लावून चारदा वाचला आणि सही ठोकली. हाताला सवय, खाली दुकानाचा शिक्काही मारला. तिसऱ्या दिवशी संस्थेतून फोन.

"अहो, जहाजाच्या फॉर्मवर 'पाण्यात पडल्यास जबाबदार नाही' हे काय?"

"चुकून झालं," जावई म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, "पण पाण्याकडे तुम्हीच बघा."

भिंगरी गेली. अठरा पूर्ण झाली त्या सकाळी जावयांनी दुकान उघडायच्या आधी फोन लावला.

"झालीस अठरा. संपली माझी जबाबदारी, कळलं?"

"कळलं, बाबा."

"कळलं ना? मग आवाज का बसलाय? गरम पाणी पितेस का? आणि बोटीवर चढताना कठडा धरतेस का?"

अर्धा तास हेच. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी, हातात मुदत संपलेली घड्याळं.