सैल दोरी

मोतद्दार म्हणून मामांची तीस वर्षं तबेल्यात गेली. घोड्याच्या पायाला गाल लावून ते आतली सूज ओळखत. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेतल्या अंतिम फेरीच्या सकाळी त्यांनी आपल्याकडच्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाला गाल लावला आणि तसेच बसून राहिले. सात आठवड्यांत तिची ही पाचवी स्पर्धा होती.

"पाय तापलाय, साहेब," ते प्रशिक्षकाला म्हणाले. "आज उडवलीत तर जन्माची अधू होईल."

"मामा, तुम्ही डॉक्टर कधी झालात? एकच फेरी उरलीय. तपासणीत नेहमीसारखी दोरी आखूड धरा, झालं."

ही युक्ती मामांचीच होती. तपासणीत डॉक्टरांसमोर घोडा दुडक्या चालीने पळवून दाखवावा लागतो. दुखऱ्या पायाचा घोडा मान हलवतो. दोरी हनुवटीपाशी घट्ट धरली, की मान हलत नाही. अशी कितीतरी जनावरं मामांनी पार करून दिली होती. त्यातली दोन पुन्हा कधी धावली नाहीत.

"चल गं बाई," तपासणीत डॉक्टरांसमोर येताच मामा म्हणाले आणि त्यांनी दोरी हातभर सैल सोडली. घोडी त्यांच्या शेजारून धावली. पावलागणिक तिची मान वरखाली होत राहिली.

डॉक्टरांनी हात वर केला. "हिला आज उतरवता येणार नाही."

प्रशिक्षक तणतणत आला. "उद्यापासून तोंड दाखवू नका!"

"नाही दाखवत. पण आजचा दिवस आहे ना मी?" मामा म्हणाले आणि घोडीचा पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवू लागले.