फेस लावल्यावर बोलायचं नाही

रेडिओला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. खुद्द त्याच्या बापालाही नाही, आणि वस्तरा धरायला तर बापानंच शिकवलं होतं! बस स्टँडमागच्या त्या दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये माणूस दाढीला टेकला, की याची टकळी सुरू. कुणाची सून रुसली, सरकार कसं चालवायचं, सगळं ज्ञान फुकट. म्हणून तर नाव पडलं रेडिओ.

आणि म्हणूनच दवाखान्याच्या सिस्टरनं बीपीचं मशीन त्याच्याकडे ठेवलं. दवाखान्याकडे पुरुष माणूस फिरकत नाही, 'मला काय धाड भरलीय?' म्हणतो. सलूनमध्ये मात्र न चुकता येतो. बाईंचं डोकं बरोबर चाललं होतं. पट्टा बांधायला रेडिओ एका दुपारीच शिकला आणि छाती फुगवून फिरू लागला.

त्याला खरी काळजी होती ती दादाची. थोरला भाऊ टेम्पो चालवायचा. डोकं धरून बसायचा, पण डॉक्टरचं नाव काढलं की उखडायचा. बापही असाच 'काही होत नाही रे' म्हणत याच दुकानात, हातात कातर असताना गेला होता. दादाचं तसं होऊ द्यायचं नाही, असं रेडिओनं मनाशी पक्कं केलं होतं.

पण झालं भलतंच. मशीन प्रत्येकाचा आकडा वरच दाखवी. पोस्टमनचा वर, मास्तरांचा वर, धडधाकट पैलवानाचासुद्धा वर! लोक घाबरून दवाखान्यात धावले, तिथं बऱ्याच जणांचा आकडा ठीक निघाला. डॉक्टर वैतागले, मशीन परत आणा म्हणाले. दादानं तर पट्टा बांधूच दिला नाही.

"तुझ्या दुकानात शिरलं की सगळेच आजारी! फेकून दे तो डबा."

सिस्टर मशीन न्यायला आली तेव्हा खुर्चीत मास्तर होते, दंडाला पट्टा, आणि रेडिओ त्यांच्याशी शाळेच्या निवडणुकीवरून तावातावानं भांडत होता. मास्तर लालबुंद. सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, बोललं की आकडा चढतो! मोजताना गप्प बसायचं, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत," तो ओशाळला. "पण सिस्टर, मी गप्प बसलो तर गिऱ्हाईक म्हणेल, हा रागावला. उद्या दुसरीकडे जाईल."

खोटं नव्हतं ते. त्या गल्लीत गप्प सलूनवाला म्हणजे भांडण झालेला सलूनवाला. सिस्टरनं मास्तरांच्या दंडाचा पट्टा सोडला.

"गिऱ्हाईक आपणहून कधी गप्प बसतं?"

"तोंडाला फेस लावला की. बोललं तर साबण तोंडात जातो."

"मग मशीन राहू दे, तेव्हाच मोजा. वस्तऱ्याला हात लावायच्या आधी. पण तुमचं काय?"

रेडिओनं डोकं खाजवलं. "मीही फेस लावून घेतो!"

लोक पोट धरून हसले, पण बघायला म्हणून आले आणि दंड पुढे करू लागले. खुर्चीत एक पांढरं तोंड, मागे दुसरं पांढरं तोंड, दुकानात चिडीचूप. आकडे जागेवर आले. पैलवान सुटला, मास्तर सुटले. पोस्टमनचा वरच राहिला. तो मुकाट्यानं दवाखान्यात गेला, गोळी सुरू झाली.

मग एका सकाळी दादा ऐटीत खुर्चीत बसला. "सगळे सुटले म्हणे. बांध माझ्याही."

दोघांनी फेस लावला. पट्टा फुगला, सैल झाला. रेडिओला आकडा पोस्टमनच्याही वर दिसला. थोडं थांबून त्यानं परत मोजलं. तेवढाच.

"बोल की काहीतरी," दादा फेसातून पुटपुटला.

रेडिओनं नुसती मान हलवली. त्याला बाप आठवत होता आणि फार भीती वाटत होती. दादानं आरशात पाहिलं. धाकट्याच्या गालावरच्या फेसातून पाण्याची रेघ ओघळत होती. जन्मात पहिल्यांदा हा पोरगा 'बोल' म्हटल्यावरही गप्प होता.

दादानं टॉवेल ओढला आणि आधी त्याचं तोंड पुसलं.

"चल."

"आत्ता? दाढी तरी..."

"दाढी कुठं पळून जातेय? चल म्हणतो ना!"

रेडिओनं भर गर्दीच्या वेळी शटर ओढलं. दवाखान्यापर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. कानाला फेस तसाच ठेवून सगळा रस्ता दादाच बोलत होता.