एका सुरावर चाळीस झोपड्या

वाकोल्याच्या त्या शाळेत पोरं घाडीसरांना घाबरत आणि शिक्षक त्यांना टाळत. दोन्हीचं त्यांना सुखच होतं. चित्रकलेचे मास्तर होण्याआधी सीताराम घाडी साकीनाक्यावरच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवायचे. आधी खडूची सरळ रेघ, मग तिच्यावर अक्षरं. अंगात ताप असला तरी रेघ हलत नसे. वर्गातही तोच कारभार. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, सगळं पट्टीने मोजून. पाच वर्षं तेच.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मुख्याध्यापक वैद्यांनी त्यांना आणि संगीताच्या शुभाबाईंना एकत्र बोलावलं.

"जूनपासून तुम्हा दोघांतून एकच जागा राहणार. दहा दिवसांनी तपासनीस बाई येतायत. कुठल्याशा शिबिरात त्यांनी गाण्यावर चित्रं काढणारी मुलं पाहिली, तसंच इथे बघायचंय. पेटी वाजेल, मुलं ऐकतील, वाटेल ते रंगवतील. ते बघून त्या ठरवतील."

"वाटेल ते म्हणजे?" घाडींनी विचारलं.

"म्हणजे जे तुम्हाला कधी वाटत नाही ते," शुभाबाई म्हणाल्या.

"शिरा पडो त्या पेटीवर," घाडी जिन्यात पुटपुटले, पण शुभाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने.

कुणाला काही वाटण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. दिवसाला पाच पाट्या उरकणाऱ्या माणसाला वाटून घ्यायला सवड नसते. त्यांनी चाळीस पोरांकडून घोटून घ्यायला सुरुवात केली. पेटी संथ वाजली की निळ्या लाटा, जलद वाजली की लाल त्रिकोण. आणि संथ कुठलं, जलद कुठलं, याचा घोळ नको म्हणून खूण ठरली. डस्टर सरांच्या डाव्या हातात असला की लाटा, उजव्या हातात गेला की त्रिकोण.

मंजुळा नावाच्या कोळ्याच्या मुलीने सरावात कागदभर हिरवा रंग फासला.

"हे काय?"

"मला तसाच ऐकू आला, सर."

"कान उपटून हातात देईन, मग काय ऐकू येतं बघू." त्यांनी कागद टराटरा फाडला.

शुभाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी फाटलेला कागद पाहिला, डस्टरही पाहिला, आणि निघून गेल्या.

ठरल्या दिवशी तपासनीस बाई मागच्या बाकावर बसल्या. डस्टर डाव्या हातात धरून घाडी फळ्यापाशी उभे राहिले. शुभाबाईंनी पेटीचा भाता ओढला, एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. एकच सूर. ना संथ, ना जलद.

घाडींनी डस्टर डावीकडून उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे आणला, आणि शेवटी टेबलावर ठेवला. चाळीस ब्रश हवेत, चाळीस माना सरांकडे.

"कागदाकडे बघा की," तपासनीस बाई म्हणाल्या. "सरांच्या तोंडावर गाणं लिहिलंय का?"

"काढा रे काय ते!" घाडी खेकसले.

पोरांनी काढलं. न चुकता सगळ्यांनी. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. मंजुळानेसुद्धा.

तपासनीस बाई रांगेरांगेतून फिरल्या. "घाडीसर, इथे तर चाळीस घाडी बसलेत." शुभाबाई मान खाली घालून हसल्या, पण सूर सुटू दिला नाही. "असं करा, तुम्हीच काढा. ऐका आणि काढा."

पहिल्या बाकावरचं पोरगं सरकलं. घाडी त्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले. समोर कोरा कागद होता आणि कानात तो सूर, डासासारखा. त्यांनी ऐकलं. खरंच ऐकलं, कारण जागा जात होती. डोळ्यांपुढे काहीच येईना. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. पट्टीशिवाय, केसाइतकीही न ढळता.

"पुढे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"पुढे अक्षरं," घाडी म्हणाले. "ती गिऱ्हाईक सांगतं."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं.

घाडी बाकातून उठले आणि पेटीकडे वळले.

"बंद करा आता ते. मिळाली ना तुम्हाला जागा?"